चिमणीला काय सांगू

मास्तरांकडे माप द्यायला गेलेला माणूस हसत बाहेर यायचा. मग ते माप लग्नाच्या कोटाचं असो, नाहीतर स्वतःच्या मरणाच्या झग्याचं. हो, मरणाच्याच. त्यांच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत तशी रीतच पडली होती. वय झालं किंवा डॉक्टरांनी हात टेकले, की माणसाने जिवंतपणीच एक पांढरा झगा शिवून घ्यायचा, अंगात घालून बघायचा, त्यावर प्रार्थना करून घ्यायची आणि घडी घालून कपाटात ठेवून द्यायचा. प्रभूच्या घरी जायचं तर गबाळ्यासारखं कसं जायचं, असं मास्तरांचं म्हणणं. रीत त्यांनीच पाडली होती आणि झगेही तेच शिवायचे.

"मास्तर, कंबरेत जरा घट्ट ठेवा हं, सैल कपड्यात मी फार जाडी दिसते," एखादी म्हातारी लाडात येऊन म्हणायची.

दातांत धरलेली टाचणी काढून मास्तर म्हणायचे, "अजिबात नाही. सैलच ठेवणार. तिकडे रोज मेजवानी. उसवायची वेळ आली तर कुणाकडे जाल? मी पोचेपर्यंत तिकडे शिंपी नाही."

म्हातारी हसून हसून बेजार. एक आजोबा तर झगा घालून आरशापुढे असे रमले की शेवटी सुनेला म्हणावं लागलं, "बाबा, काढा आता, चुरगळेल." असा सगळा आनंदीआनंद.

दुसरी रीतही मास्तरांचीच. पुरताना रडायचं नाही. गेलेला माणूस घरी गेलाय, मग रडता कशाला? कबरीशी गीत म्हणायचं आणि घरातल्या एकाने पुढे होऊन साक्ष द्यायची. म्हणजे आमचं माणूस कुठे गेलंय ते आम्हाला पक्कं माहीत आहे आणि आम्ही समाधानी आहोत, असं सगळ्यांसमोर सांगायचं. एखाद्या बाईला हुंदका आवरला नाही, की मास्तर हळूच तिच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. "डोळे पूस, बाई. निरोप हसून द्यायचा असतो." बाई मुकाट्याने डोळे पुसायची. मास्तरांपुढे रडायची कुणाची टाप होती? ज्याने पोटची एकुलती एक मुलगी हसत पाठवली, त्याला कोण काय बोलणार!

ती हकीकत मंडळीतल्या लहान पोरांनाही पाठ होती. चिमणी म्हणायचे तिला. जेमतेम लिहा-वाचायला लागली होती. ताप आला आणि डोक्यात गेला. दवाखान्यात खाटेभोवती चर्चचे पाळक आणि मंडळीतली माणसं उभी होती. मास्तर तिच्यावर वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जा बाळा, खुशाल जा. प्रभू दारात उभा आहे." थोड्या वेळाने पोरगी गेली. कबरीशी मास्तरांनी साक्ष दिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी तिचे सगळे फ्रॉक वाटून टाकले. "तिला आता याहून चांगले मिळालेत," म्हणाले. पुढे कितीतरी सभांमधून त्यांनी ही साक्ष दिली. ऐकणारे गहिवरायचे. तेवढी सूट होती.

मास्तरांची बायको अशा वेळी मागच्या बाकावर आपल्या हातांकडे बघत बसलेली असायची. दुकानात ती काज-बटणं करायची, तिथेही बोलणं जेवढ्यास तेवढं. बायका म्हणायच्या, किती शांत आहे हो ही, किती सोशिक! शांत कसली, डोंबल! दोन शब्द बोलायला समोर ऐकणारा माणूस लागतो. तिने काहीही म्हटलं की मास्तरांचं उत्तर तयार. छत गळतंय म्हटलं की, "राहू दे गं, आपल्याला कुठे इथे कायमचं राहायचंय?" दोघांनी एकदा कुठेतरी चार दिवस जाऊन येऊ म्हटलं की, "तिकडे वेळच वेळ आहे. फिर मग किती फिरायचं ते." चिमणीचं नाव काढलं तर, "ती मजेत आहे." विषय संपला. बाईने मग विषय काढणंच सोडून दिलं.

आणि आता तिचीच पाळी आली. पोटात गाठ निघाली, ती पसरलेली निघाली, आणि डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. मास्तरांनी तिला आणून खाटेवर निजवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि मेहुणीला म्हणाले, "चला, आमच्या घरातलं दुसरं माणूस निघालं. चिमणीची आता चैन आहे."

मेहुणी बहिणीची सेवा करायला आली होती. वयाने बरीच लहान, पण जिभेला हाड नाही. "भाऊजी, जरा तोंड आवरा," ती म्हणाली. "ती अजून ऐकतेय."

"ऐकू दे की. आनंदाचीच बातमी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गळ्यात टेप अडकवून, कानावर खडू खोचून खाटेशी आले. चेहरा अगदी प्रसन्न. "चल, उठून बस बघू जरा. तुझा झगा असा शिवतो की तिकडे सगळ्या विचारत येतील, कुठल्या शिंप्याचा म्हणून."

बाईने टेपचं टोक धरून ठेवलं. "माप नंतर घ्या. आधी बसा."

"काय गं?"

"बसा ना. उभ्याने नाही सांगायचं मला."

मास्तर खाटेच्या कडेवर टेकले. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्यांच्या गळ्यात.

"मी तिकडे पोचले की चिमणी धावत येईल ना हो?"

"म्हणजे काय! दारातच असेल उभी."

"माझाही तोच विश्वास आहे. तुमच्याहून काकणभर जास्तच असेल. म्हणून तर झोप लागत नाही मला." ती थांबली, दम खाल्ला. "ती येईल, मला मिठी मारेल आणि पहिलं हेच विचारेल, आई, बाबांना मी नको होते का? मी काय सांगू तिला?"

मास्तर हसले. चांगलं मोकळं हसले. "अगं वेडे, तिकडे असले प्रश्न नसतात. तिकडे दुःख नाही, रडणं नाही, रुसवे-फुगवे नाहीत."

"प्रश्न नसतील तर ती माझी चिमणी नाही. दुसऱ्या कुणाची तरी मुलगी असेल. माझी तर घरापासून दुकानापर्यंत बडबड करून डोकं उठवायची."

"असं कसं विचारेल ती? तिला बाबांनी किती प्रेमाने निरोप दिला..."

"अहो," बाई म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगता, मी तिला खुशाल जा म्हटलं. त्याच्या आधी ती काय म्हणाली होती, ते का नाही सांगत?"

मास्तर टेप बोटाला गुंडाळू लागले.

"मी उशाशी होते. मी ऐकलंय. बाबा, मला नाही जायचं, म्हणाली. तुमचं बोट धरून म्हणाली. आणि तुम्ही म्हणालात, जा. हसत म्हणालात. ती बघत राहिली तुमच्या तोंडाकडे. मग तिने तुमचं बोट सोडलं."

स्वयंपाकघरात मेहुणीच्या हातातलं भांडं थांबलं. मास्तरांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी होतं, फक्त ते आता कुणासाठी आहे ते कळत नव्हतं.

"इतकी वर्षं मी वाट बघितली," बाई म्हणाली. "कधीतरी म्हणाल, एकदा तरी म्हणाल, की मला पोर हवी होती. मला नका सांगू. पण मी आता तिच्याकडेच चाललेय. तिला काय सांगू तेवढं सांगा."

कुणीही शहाणा माणूस इथे रडला असता. पण मास्तरांना वर्षानुवर्षांची सवय. गळा साफ करून त्यांनी तोच सभेतला आवाज काढला. "तिला सांग, बाबा समाधानी आहेत. विश्वासात पक्के आहेत. एक दिवससुद्धा कुरकुर केली नाही, म्हणावं."

बाईने त्यांच्याकडे बघितलं. मग टेपचं टोक सोडलं. "बरं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माप तिने दिलंच नाही.

मास्तर दुकानात गेले ते तणतणत. माप देत नाही म्हणजे काय? ते काय परके होते? लग्नापासून तिच्या अंगाला दुसऱ्या शिंप्याचा कपडा लागला नव्हता. खांदा, छाती, बाही, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांनी पांढरं कापड टेबलावर पसरलं, खडूने खुणा केल्या आणि कात्री चालवली. एरवी बेतायला घेतलं की गीत गुणगुणायचे. आज तोंडातून सूर फुटेना.

कारण बाई म्हणाली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चिमणीचं ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं. बोट धरलेला तिचा हात, तापाने चटका बसावा इतका गरम, आठवत होता. त्या क्षणी त्यांच्या पोटातून एवढी मोठी 'नको' अशी आरोळी उठली होती, की ती बाहेर पडली असती तर अख्खा दवाखाना गोळा झाला असता. पण खाटेभोवती मंडळी उभी होती. पाळक उभे होते. आणि पोर घाबरली तर? बाप मोडला तर ती कुणाकडे बघणार? म्हणून त्यांनी ती आरोळी गिळली आणि हसून 'जा' म्हटलं. त्यांना वाटलं होतं, नंतर रडू. पण कबरीशी सगळ्यांनी त्यांचे हात हातात घेतले, वा मास्तर, काय हा विश्वास, असं म्हणाले, आणि मग रडायला जागाच उरली नाही. पुढच्या सभेत सांगताना त्यांनी चिमणीचं वाक्य वगळलं. त्याच्या पुढच्या सभेत ते वगळल्याचंही त्यांना जाणवलं नाही.

असं असताना घरी जाऊन बायकोला हेच सांगायला काय झालं होतं? पण नाही. मास्तरांची जीभ रेटेना. हे एकदा कबूल केलं, तर ज्यांना ज्यांना 'डोळे पूस' म्हटलं, त्या सगळ्यांपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? ते मशीन चालवत राहिले.

बाई दिवसेंदिवस खंगत गेली. पेज घोटभर, पाणी चमच्याने. गुंगीतही ती एकच पुटपुटायची. मेहुणी दाराशी येऊन मास्तरांना अडवायची. "भाऊजी, ती झोपेतही तेच विचारतेय, चिमणीला काय सांगू. एका वाक्याचं तर काम आहे. सांगून टाका ना!"

"सांगायचं ते मी सांगितलंय."

"ते तुम्ही सभेला सांगितलंत. तिला नाही."

"तू मला विश्वास शिकवू नकोस."

"मी कशाला शिकवू? मी आपली माझ्या बहिणीचे ओठ ओले करतेय," मेहुणी म्हणाली आणि आत निघून गेली.

झगा तयार झाला तेव्हा बाईचं बोलणं बंद झालं होतं. सकाळपासून डोळे अर्धवट उघडे, श्वास मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मास्तर दुपारी झगा हातावर घेऊन आले. इस्त्री केलेला, एक सुरकुती नाही.

"आता कशाला तिला त्रास?" मेहुणी म्हणाली.

"रीत आहे. जिवंतपणी अंगात घालून बघायचा. सगळ्यांनी बघितला, मग आपल्याच घरात कशी मोडायची?"

मेहुणीने कपाळावर हात मारला, पण मदतीला आली. दोघांनी मिळून बाईला उठवून बसवलं, मेहुणीने पाठीमागून आधार दिला, मास्तरांनी डोक्यातून झगा घातला, हात बाह्यांत सरकवले. मग नेहमीच्या सवयीने दोन पावलं मागे सरकून बघायला गेले.

खांद्याची शिवण कोपरापर्यंत उतरली होती. गळा एका बाजूने छातीवर लोंबत होता. बाह्यांतून बोटं बाहेर येत नव्हती. मास्तरांच्या हातून आयुष्यात एवढा चुकीचा कपडा शिवला गेला नव्हता.

"मापात चूक झाली का हो?" मेहुणी हळूच म्हणाली.

मास्तर पुढे झाले. त्यांनी कानाचा खडू काढला, दोन्ही बगलांमधलं जादाचं कापड चिमटीत धरायला गेले. चिमटीत मावेना. मूठभर धरलं, तरी अजून होतं. ते कापड गोळा करत गेले, करत गेले, आणि मुठी बरगड्यांना जाऊन टेकल्या. माप बरोबर होतं. पण ते या बाईचं नव्हतं. दुकानात शेजारी बसून काज करणारीचं होतं, भरल्या दंडांची, चालताना जिन्याच्या पायऱ्या वाजवणारीचं. हात तिलाच धरून बसले होते. तोंडाने खुशाल जा म्हणायचं आणि हातांनी ती कुठेही चाललेली नाही असा झगा शिवायचा, असा सगळा प्रकार.

मास्तर खाटेशी खाली बसले, मुठीतलं कापड तसंच धरून.

"अगं," ते म्हणाले. "अगं, ऐक ना. नको ना जाऊस."

मेहुणीने बहिणीला अलगद खाली निजवलं. मास्तरांनी तोंड तिच्या कानाशी नेलं. इतक्या वर्षांचं गिळलेलं एकदम वर आलं आणि शब्दाला शब्द लागेना. "चिमणीला सांग, बाबांना तू हवी होतीस. जा म्हणालो ते भिऊन म्हणालो. खोटं म्हणालो. पोटात नको नको होत होतं, सांग तिला. ऐकतेस ना? हाताने तरी सांग. बोट हलव फक्त."

त्यांनी बाहीतून तिची बोटं शोधून काढली आणि आपल्या हातात धरली. बोटं हलली नाहीत. डोळे तसेच अर्धवट, छताकडे. मास्तरांनी तेच पुन्हा सांगितलं, दुसऱ्या कानात सांगितलं, हळू सांगितलं, ओरडून सांगितलं. संध्याकाळ झाली तरी सांगतच होते. मग एकदा श्वास थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही.

"ऐकलं असेल का गं तिने?" त्यांनी मेहुणीला विचारलं.

मेहुणीला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या कुणालाही ती हो म्हणाली असती. ती रडत म्हणाली, "मला नाही माहीत, भाऊजी."

पाळक आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, देवाने ऐकलं."

"त्याला कशाला ऐकायला हवं? त्याला आधीपासून माहीत होतं," मास्तर म्हणाले. "पण चिमणीला कोण सांगणार? ही तिथे जाऊन काय सांगणार? मी सांगितलं तेच ना? बाबा समाधानी आहेत, म्हणून?"

पाळक चांगला माणूस. तो शेजारी येऊन बसला.

पुरायला सकाळी सगळी मंडळी आली, रीतीप्रमाणे स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, कोरड्या डोळ्यांनी. मेहुणीने झगा पाठीमागून टाचण्यांनी आवरून घेतला होता. गीत झालं, प्रार्थना झाली, पेटी खड्ड्यात उतरवली. मग सगळे शांत झाले. आता साक्ष. मास्तरांची साक्ष म्हणजे ऐकण्यासारखी, म्हणून मागच्यांनी पुढे सरकून घेतलं.

मास्तर कडेला आले. लोकांकडे त्यांनी पाठच केली होती. त्यांनी खड्ड्यात बघितलं.

"माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "ती कुठे गेलीय ते मला माहीत आहे. त्यात काही कमी-जास्त झालेलं नाही." मंडळीने समाधानाने माना हलवल्या. मास्तरांचा आवाज चिरकला. "पण मला ती इथे हवी होती. मला दोघीही इथे हव्या होत्या."

कुणीतरी "मास्तर," म्हणून पुढे आलं. पाळकांनी हाताने त्याला थांबवलं.

मास्तर मातीत गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहात कडेला टेकून खाली वाकले. आयुष्यभर त्यांनी ज्या जागेवर लोकांना डोळे पुसायला लावले होते, तिथे ते लहान पोरासारखे मोठ्याने रडत होते.

"अगं, काल नसेल ऐकलंस तर आता ऐक," ते खाली ओरडले. "ते समाधानी-बिमाधानी काही सांगू नकोस तिला. मी येईन तेव्हा तिची माफी मागेन, पण मला किती वेळ लागेल कुणास ठाऊक. तोवर तिला तसंच नको ठेवूस. पोचल्या पोचल्या सांग. तुझं पाणीसुद्धा नंतर पी. आधी तिला सांग, बाबांना तू हवी होतीस."